संपर्क क्षेत्राबाहेरचा झरा

गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस मी छत्तीस तास बेपत्ता होतो, याबद्दल मालवणात एकमत आहे. वस्तुस्थिती अशी की त्या छत्तीस तासांत मी कुठे आहे हे मला अक्षांश-रेखांशांसह ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते इतरांना. परंतु बेपत्ता कोणाला म्हणायचे हे ठरवताना बेपत्ता माणसाचे मत विचारात घेण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

मी एक झरा मोजतो. कुडाळच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या ऐन उतारावर, वरचीवाडी नावाच्या वस्तीपासून दीड-दोन तास चढून गेले की तो लागतो. दर वर्षी एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी दुपारी बारापासून रविवारी दुपारी बारापर्यंत, दर तीन तासांनी, वीस लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात हे मी पाहतो आणि लिहून ठेवतो. एवढेच. या कामाला पदार्थविज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाची गरज नाही, असे अनेकांनी सुचवले आहे. स्वतः येऊन मोजण्याची तयारी मात्र त्यांपैकी कोणी दाखवलेली नाही. वरचीवाडीची बत्तीस घरे उन्हाळ्यात याच पाण्यावर राहतात. त्यांच्या नळयोजनेचा विषय घेऊन मी गेलो, तेव्हा एका अभियंत्याने, बहुधा मला कायमचे टाळण्याच्या हेतूने, "सलग दहा वर्षांची नोंद आणा, मग बघू," असे म्हटले होते. मी ते वाक्य कागदावर उतरवले, तारीख घातली आणि त्यांची सही घेतली. नऊ वर्षे झाली होती. दहावे राहिले होते. 'सलग' या शब्दात सवलत नसते. एक वर्ष चुकले की पुन्हा पहिल्यापासून, आणि माझे वय चौसष्ट.

गेल्या वर्षी उतरताना माझा घोटा मुरगळला, मी वरचीवाडीतल्या धोंडूच्या पडवीत पाय वर करून पडून राहिलो, आणि त्या खोऱ्यात मोबाईलला रेंज नसल्यामुळे ही साधी बातमी मालवणात पोचली नाही. परिणामी माझ्या पत्नीने, शर्मिलाने, नियम केला. ती एरवी माझ्याशी प्रमाण मराठीत बोलते. मालवणी सुरू झाली की चर्चेची वेळ संपलेली असते.

"पाणी सगळीकडे सारख्याच. फोन लागता थंयसर मोजा."

झऱ्याची जागा बदलता येत नसल्याचे मी निदर्शनास आणले.

"मगे फोन लागाचो बंदोबस्त करा. पाच वाजता तुमचो आवाज माझ्या कानार येवक होयो. नाय तर जावचा नाय."

अट तर्कदृष्ट्या निर्दोष होती. जिथे मोबाईलचा मनोरा नाही तिथून बोलायचे तर आकाशातल्या उपग्रहाशी बोलावे लागते, आणि त्यासाठी उपग्रह-फोन लागतो. मी तो मिळवण्याचे ठरवले. ऑक्टोबर महिना होता. हातात सहा महिने होते, आणि सहा महिने म्हणजे पुष्कळ वेळ अशी माझी तेव्हा समजूत होती.

शेजारधर्म तत्काळ जागा झाला. आमच्या कुंपणापलीकडे सुदेश राहतो. तो माझा शाळासोबती. तीस वर्षे मालवाहू जहाजांवर काढून आता अंगणातल्या खुर्चीवरून जगाची वाहतूक सांभाळतो.

"माझो पुतणो दुबईक आसा. बॅगेत घालून हाडतलो. कोणाक काय कळता?"

सरकारी परवानगीशिवाय असा फोन बाळगणे आपल्या देशात गुन्हा आहे, हे मी त्याला सांगितले.

"गुन्हो? अरे, बोटीर तो माझ्या उशाक असायचो!"

"तेव्हा तू भारताच्या हद्दीबाहेर होतास."

"आणि झरो हद्दीत आसा मां? मगे तू बेपत्ता कसो झालंस?"

या प्रश्नात तर्क नव्हता. तेवढ्यात दारात मासळीची टोपली उतरवून यमुनाबाईंनी आपले मत नोंदवले. मी प्राध्यापक होतो हे त्यांना मान्य नाही. त्यांच्या लेखी शिकवणारा तो मास्तर.

"मास्तरानू, झरो खंय पळान जाता काय? आमचे घोव आठ-आठ दिस दर्यात जायत. आमी कोण फोनार बसलव?"

"तुमचो घोव मासळी घेवन येय," शर्मिला आतून म्हणाली. "हे आकडे घेवन येतत."

मी रीतसर अर्ज केला. अर्ज स्वीकारणाऱ्या कार्यालयात निलेश नावाचा एक सभ्य तरुण लिपिक होता. त्याने कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि बोट एका चौकटीवर ठेवले.

"सर, नौकेचं नाव राहिलं."

"नौका नाही."

"मग बुडताना फोन कुठून करणार?"

"मी बुडणार नाही. झऱ्याची सरासरी खोली अकरा सेंटिमीटर आहे."

निलेशने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले. या किनाऱ्यावरून येणारे असे सारे अर्ज बोटवाल्यांचे असतात; त्यामुळे ती चौकट रिकामी असलेला अर्ज वर गेला की त्रुटी म्हणून परत येतो, असे त्याने सांगितले. तो परत आला. मी चौकटीत 'लागू नाही' असे लिहिले. तो पुन्हा परत आला. आता 'लागू नाही' या विधानाला पुरावा हवा होता. सुदेशने उदार मनाने आपल्या चुलतभावाच्या बोटीचे नाव देऊ केले. "लिही रे! कागदार बोट आसली म्हणान काय घराक पाणी लागणा नाय." मी नकार दिला. ज्या नोंदीसाठी हा खटाटोप चालला होता तिच्या पायाशीच खोटी बोट ठेवणे मला शक्य नव्हते.

म्हणून मी मच्छीमार संस्थेत गेलो आणि माझ्याकडे बोट नसल्याचा दाखला मागितला. तिथले चिटणीस विचारात पडले. बोट असल्याचा दाखला ते रोज देत. नसल्याचा कधी कोणी मागितला नव्हता. शिवाय दाखला फक्त सभासदांनाच मिळतो. तात्पर्य, माझ्याकडे बोट नाही हे सिद्ध करण्यासाठी मला मच्छीमार संस्थेचा सभासद व्हावे लागले. अभाव सिद्ध करणे अवघड असते, हे मी पस्तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवले. त्यासाठी फोटो दोन प्रतींत लागतात, हे मला नव्याने कळले.

फेब्रुवारीत तिसऱ्यांदा गेलो तेव्हा निलेश प्रमाण मराठी सोडून मालवणीवर आला होता. आमच्याकडे सरकारी टेबलावर हे आपुलकीचेही लक्षण असते आणि वैतागाचेही. "सर, आता वापराचां ठिकाण काय लिवू? 'सिंधुदुर्ग जिल्हो' लिवतंय, सुटला."

"इतके ढोबळ नको," मी म्हणालो, आणि झऱ्याभोवतीच्या वनक्षेत्राच्या चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश मिनिटांपर्यंत लिहून दिले. निलेश म्हणाला, "सर, ढोबळ बरां असता." मी ऐकले नाही. अचूकतेपायी मी आयुष्यात जे जे भोगले आहे त्याच्या यादीत हे वाक्य बरेच वर आहे.

परवाना आणि फोन हाती आले तेव्हा एप्रिलचा तिसरा आठवडा सुरू झाला होता. मोजणीला नऊ दिवस उरले होते. उपकरण वापरण्यापूर्वी तपासावे, हा आमच्या शास्त्राचा पहिला धडा. या फोनचा उपग्रह विषुववृत्तावर छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर एका जागी स्थिर असतो. मालवणातून पाहिले तर दक्षिण-नैऋत्येला, क्षितिजापासून अडुसष्ट अंशांवर. फोनची जाडजूड अँटेना तिकडे रोखावी लागते आणि मध्ये काही आडवे येऊन चालत नाही. मी कोनमापकाला ओळंबा बांधला, अंगणात उभा राहिलो, होकायंत्राने दिशा घेतली आणि कोन लावला. नेमक्या अडुसष्ट अंशांवर सुदेशच्या माडाचा शेंडा होता.

"माड तोडूक गावचो नाय," सुदेश खुर्चीवरून म्हणाला. "बापाशीन लावलेलो आसा. उपग्रह हलय."

म्हणून मी दुपारी साडेचारला समुद्रकिनाऱ्यावर गेलो. वाळूवर आकाश पुरेसे असते. घरी शर्मिला फोन घेऊन बसली होती. मी ओहोटीने ओल्या राहिलेल्या पट्ट्यात उभा राहिलो, एका हातात फोन, दुसऱ्या हातात कोनमापक, गळ्यात होकायंत्र, दातांत पेन्सिल, आणि पायाशी उघडी वही, जिच्या पानावर सह्याद्रीतल्या चार बिंदूंचे अक्षांश-रेखांश ठळक अक्षरांत लिहिलेले होते. पडद्यावर सिग्नलची पहिली रेघ उमटली, आणि मागून आवाज आला.

"हात दिसतत तशेच ठेवा."

किनाऱ्यावर संशयास्पद काही दिसले तर कळवावे म्हणून मच्छीमार तरुणांचे एक दल नेमलेले आहे. त्यातले तिघे माझ्याभोवती अर्धवर्तुळ करून उभे होते. मधला दीपेश होता, माझा बारावीचा विद्यार्थी, आता दोन होड्यांचा मालक. मला ओळखताच त्याचा चेहरा पडला.

"सर? तुमी?"

"मीच. दीपेश, बाजूला हो, तू माझ्या दिगंशात उभा आहेस."

"सर, रागावू नकात हां... पण तुमका हलाक देवचा नाय. मी ठाण्यार फोन केलंय."

"तू मला ओळखतोस."

"ओळखतंय म्हणान तर पंचाईत," दीपेश कळवळून म्हणाला. "सर म्हणान सोडलंय, तर फाल्यां कोण पण सर म्हणान येतलो."

यात दोष काढण्यासारखे काही नव्हते. पुढे ठाण्यात त्याची तक्रार मला वाचायला मिळाली: 'इसम, वय साठीच्या पुढे, उंची मध्यम, हातात अँटेना असलेला फोन, कोन मोजण्याचे साधन आकाशाकडे धरलेले, त्याला दोरीने वजन बांधलेले, तोंडाने स्वतःशी आकडे बोलत होता.' जे दिसले ते लिहावे, जे वाटले ते लिहू नये, असे मी प्रयोगशाळेत दर वर्षी सांगत असे. बारावीत दीपेशला मी निरीक्षणाचे दहापैकी चार गुण दिले होते. ते वाढवून देण्याची सोय आता नाही.

किनाऱ्यावरच्या त्या पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक सारिका राऊळ यांनी माझी सर्व कागदपत्रे पाहिली. परवाना खरा होता, फोन खरा होता, मी खरा होतो. त्यांनी परवान्याची अट क्रमांक नऊ मोठ्याने वाचली: "वापर केवळ नमूद क्षेत्रातच करावा. सर, नमूद क्षेत्र सह्याद्रीत आहे. तुम्ही समुद्रात उभे होता."

"समुद्रात नव्हे, भरती आणि ओहोटी यांच्या रेषांमधल्या पट्ट्यात. आणि तो वापर नव्हता, ती चाचणी होती."

"फोन चालू होता?"

"होता."

"मग तो वापर," त्या म्हणाल्या. "आणि हे क्षेत्र इतकं काटेकोर कोणी लिहिलं? 'सिंधुदुर्ग जिल्हा' लिहिलं असतं तर आत्ता तुम्ही घरी चहा घेत असता."

मी बाकावर बसलो होतो, आणि त्या बाकावरून रस्ता दिसतो. अर्थात रस्त्यावरून बाकही दिसतो. यमुनाबाई रिकामी टोपली घेऊन परतत होत्या, त्या थबकल्या, डोळ्यांवर हात धरून पाहिले, आणि हाक मारली, "मास्तरानू! तुमका हयसर कित्याक बसयल्यानी?" त्यांचा आवाज वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला दर्यावरच्या होडीपर्यंत पोचतो. मी घरी पोचलो त्याच्या वीस मिनिटे आधी बातमी पोचली होती, आणि तिच्यात मला बेड्या होत्या.

फोन पडताळणीसाठी ठाण्यात राहिला. मी रोज सकाळी दहाला जाऊन त्याची चौकशी करीत असे. पाचव्या दिवशी मी विचारण्याआधीच हवालदाराने मान हलवायला सुरुवात केली. मोजणीच्या आदल्या संध्याकाळी सारिका राऊळ यांनी तो माझ्या हातात दिला. अटी दोन: मालवणात तो चालू करायचा नाही, आणि डोंगरावरून रोज साडेपाचला ठाण्यात आपली खुशाली कळवायची. आपल्या ठाण्याचा आणि स्वतःच्या मोबाईलचा, असे दोन्ही क्रमांक त्यांनी मला लिहून दिले. अशा रीतीने सगळी यंत्रणा सज्ज झाली. परवाना, प्रतिज्ञापत्र, बोट नसल्याचा दाखला, जादा बॅटरी, सगळे होते. तपासायची राहिली होती ती एकच गोष्ट, की या फोनवरून शर्मिलाला फोन लागतो की नाही. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने असा प्रयोग मांडला असता, तर मी त्याला वर्गाबाहेर उभे केले असते.

शनिवारी पहाटे मी स्कूटरने निघालो, वरचीवाडीत धोंडूला बरोबर घेतले आणि दहाच्या आत झऱ्यावर पोचलो. धोंडू माझ्याच वयाचा; नऊ वर्षे तो बादली वाहून नेतो आणि माझ्या कामाविषयी मत देत नाही, म्हणून मी त्याला या जिल्ह्यातला सर्वांत समंजस माणूस मानतो. झऱ्याचे मुख परातीएवढे आहे. त्यापुढे आम्ही मातीचा वीतभर बांध घालतो आणि पोफळीची पन्हळ बसवतो, म्हणजे सगळे पाणी एका धारेने बादलीत येते. बांध एकदा बसला की चोवीस तास त्याला कोणी पाय लावता कामा नये; लावला की धार बदलते आणि आधीचे आकडे निरुपयोगी होतात. बाराचे मोजमाप झाले. तीनचे झाले. पाच वाजता मी एका कातळावर उभा राहिलो. खोरे पश्चिमेला उघडे आहे. अडुसष्ट अंशांवर एकही माड नव्हता. सिग्नल पूर्ण आला. मी शर्मिलाचा क्रमांक लावला.

घंटा वाजली, वाजत राहिली, थांबली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा ती अर्ध्यावर तोडली गेली. चौथ्यांदा लागलीच नाही, आणि त्यानंतरच्या चार वेळाही नाही.

"यंत्र बरां आसा," धोंडू बांधाशेजारी बसून म्हणाला. नऊ वर्षांतले हे त्याचे पहिले मत. "कोणाक लागणा नाय, म्हणजे कोणाक तरास नाय."

साडेपाचला मी ठाण्यात फोन केला. तो पहिल्या घंटेला लागला.

"सर, आहात कुठे?" सारिका राऊळ जवळजवळ ओरडल्या.

"नमूद क्षेत्रात."

"वहिनी सव्वापाचला येऊन गेल्या. पाच म्हणजे पाच, असं तुम्हीच सांगितलंय म्हणाल्या. तुमचा फोन आला नाही, उलट कोणी परदेशातला माणूस पाच वाजल्यापासून सतावतोय म्हणून त्यांनी तो नंबर ब्लॉक केलाय."

मी डोळे मिटले. घरी कॅलेंडरवर मी या फोनचा जो क्रमांक ठळक लिहून ठेवला होता, तो कागदोपत्री बरोबर होता. तिच्या पडद्यावर मात्र भलत्याच देशाचा वाटावा असा काहीतरी आकडा उमटत होता. आणि अनोळखी परदेशी क्रमांक उचलू नये, दोनदा आला तर बंद करून टाकावा, असे व्याख्यान मीच वाचनालयात दिले होते. पहिल्या रांगेत शर्मिला होती.

"तिला सांगा, तो परदेशातला माणूस मी आहे."

"त्या देवळात आहेत. अख्खी आवाठी, सगळा शेजार, देवळात आहे. सुदेशकाकांची व्हॅन, दीपेशचा मासळीचा टेम्पो आणि आणखी एक गाडी बाहेर उभी आहे. देवाला गाऱ्हाणं घालून झालं की चाळीस माणसं तुम्हाला शोधायला वर निघणार."

मी बांधाकडे पाहिले. वीतभर उंचीचा, ओल्या मातीचा. चाळीस माणसे म्हणजे ऐंशी पाय. आणि दोन तास चढून आलेला माणूस झऱ्याला प्रथम तोंड लावतो, मग पाय.

"त्यांना थांबवा."

"कोणत्या कलमाखाली?" त्या म्हणाल्या. प्रश्न रास्त होता. "मी देवळात जाते. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास बसणार नाही, तुमचा आवाजच ऐकवायला हवा. दहा मिनिटांनी माझ्या मोबाईलवर करा."

मी पंधरा मिनिटांनी केला, कारण मध्ये एक वानर कातळावर येऊन बसले होते. फोन उचलला गेला, आणि कोणी बोलण्याआधीच देवळातल्या मानकऱ्यांचा खणखणीत स्वर, जमिनीवरून छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन आणि तितकाच खाली येऊन, माझ्या कानात शिरला.

"...ह्यां तुझां लेकरू रविकांत परुळेकर पाणी मोजूच्या नादान डोंगरार गेलो आसा, म्हाराजा! मोजूक तेका कोणी सांगलां नाय, तरी गेलो. शिकलेलो आसा, तेका समजावन सांगूक आमका जमाक नाय..."

"व्हय म्हाराजा!" जमाव म्हणाला.

"वाट चुकली असात, पाय घसरलो असात, पोलिसांनी परत धरलो असात, तर तेका सोडय! आणि तो खंय आसा तां आमका दाखय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मी इथे आहे," मी म्हणालो.

उपग्रहामार्गे शब्दांना जाऊन-येऊन अर्धा सेकंद लागतो. त्यामुळे माझे उत्तर जमावाचा शेवटचा स्वर विरल्यावर, नेमक्या शांततेत, लाऊडस्पीकरवर लावलेल्या मोबाईलमधून सभामंडपात उमटले. सारिका राऊळ यांनी नंतर सांगितले की दोन माणसे जागच्या जागी साष्टांग पडली. या घटनेचे भौतिक स्पष्टीकरण मी अनेकांना दिले आहे. एकानेही ते शेवटपर्यंत ऐकून घेतलेले नाही.

मग एकच गलका झाला, आणि त्यातून शर्मिलाचा आवाज पुढे आला.

"तुमीच काय?"

"मीच. सुखरूप आहे. वर कोणालाही पाठवू नकोस."

"आवाज मास्तरांचो," मागून यमुनाबाई म्हणाल्या, "पण कोणी मानेर कोयतो ठेवन बोलूक लावल्यानी असात तर?"

"खात्री करा, वहिनी," सारिका राऊळ म्हणाल्या. "फक्त त्यांनाच ठाऊक असेल असं काहीतरी विचारा."

शर्मिलाने क्षणभरही विचार केला नाही. "गेल्या साली शनवारी सहा वाजताचो आकडो सांगा."

"मिनिटाला अकरा पूर्णांक चार लिटर."

अर्धा सेकंद गेला. मग आणखी एक गेला, तो उपग्रहाचा नव्हता.

"चुकलास. अकरा पूर्णांक दोन. चार तां नऊ वाजताचां."

मी वही उघडली. अकरा पूर्णांक दोन. दर वर्षी मे महिन्यात माझ्या ओल्या, मातकट वहीवरून तक्ता स्वच्छ उतरवून देण्याचे काम शर्मिला करते. नऊ वर्षे ते काम मी अक्षराचे समजत होतो.

"आकडो चुकलो! म्हणजे मास्तर न्हय!" यमुनाबाई ओरडल्या.

"तेच आसत," शर्मिला म्हणाली. "दुसरो कोण असतो तर 'आठवणा नाय' म्हणालो असतो."

"रवी!" सुदेशने मोबाईलपाशी तोंड आणले असावे. "हलू नको! आमी निघालव!"

"येऊ नका! तुम्ही आलात तर बांध फुटेल. बाराचा आणि तीनचा आकडा वाया जाईल. मग दहावे वर्ष गेले, सुदेश, आणि त्याबरोबर आधीची नऊ गेली!"

"माणूस म्हत्त्वाचो की पाणी?"

मला उत्तर ठाऊक होते. पण लाऊडस्पीकरवर, सभामंडपात, पत्नीसमोर देण्यासारखे ते नव्हते. धोंडू बांधाशी उकिडवा बसून माझ्याकडे पाहत होता. त्याच्या घरी त्या पाण्याच्या दोन कळशा सकाळी येतात आणि दोन संध्याकाळी.

"सुदेशभावजी, गाडयेत बसलेल्यांका खाली उतरवा," शर्मिला म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता, पण मागचा गलका थांबला. "कोण जावचो नाय. बत्तीस घरांचां पाणी आसा तां. नऊ वर्सां मी लिवतंय. दहाव्या वर्साक तुमी थंय पाय धुवक जातलास?"

बाहेर गाडीचे दार उघडून पुन्हा लागल्याचा आवाज आला.

"आणि तुमी," ती मला म्हणाली, "घड्याळ बघितलास? सहा वाजले. फोन ठेवा. मोजा."

मी फोन ठेवला. बादली पन्हळीखाली सरकवली, धोंडूने "हां" म्हटले, मी घड्याळाचे बटण दाबले. वीस लिटरला एकशे दहा सेकंद: मिनिटाला दहा पूर्णांक नऊ. गेल्या वर्षीपेक्षा कमी, पण धार अखंड होती आणि बांध शाबूत होता. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिले: 'दोन मिनिटे विलंब. कारण तांत्रिक.'

नऊचे मोजमाप झाले, पुढची झाली, रविवारी दुपारी बाराचे शेवटचे झाले. मे महिन्यात शर्मिलाने दहा वर्षांचा तक्ता नव्या कागदावर उतरवला. अभियंता दरम्यान बदलला होता, पण सही बदललेली नव्हती. नव्या साहेबांनी जुना कागद पाहिला, तक्ता पाहिला, आणि प्रस्ताव दाखल करून घेतला. शेवटच्या पानावर त्यांचे बोट थांबले, आणि ते हसले. मी वाकून पाहिले. आकडे सगळे अचूक होते. शेऱ्याच्या रकान्यात मात्र तिच्या वळणदार अक्षरात लिहिलेले होते: 'दोन मिनिटे विलंब. कारण, घरी बोलत होते.'

मी दुरुस्तीसाठी पेनाचे टोपण काढले. विधान पुन्हा एकदा वाचले, काळ तपासला, कारण तपासले, आणि टोपण लावून पेन खिशात ठेवले.